घटक ४ : सॉफ्टवेअरचा परवाना – मुक्त स्रोत की व्यापारी?

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• सॉफ्टवेअर विकत घेणे आणि ते वापरण्याचा परवाना घेणे यांतील फरक सांगता येईल.
• मुक्त स्रोत आणि व्यापारी परवान्यांची वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील.
• परवान्याचा मराठी मजकुराच्या आयुष्यावर कसा परिणाम होतो, हे फाँटच्या उदाहरणावरून विशद करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या भाषिक कामासाठी योग्य परवान्याची सकारण निवड करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा विचार कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आज मराठीतील बहुतेक लेखन संगणकावर किंवा मोबाइलवर होते. ते कोणत्या अटींवर टंकित होते, साठवले जाते आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचते, हे त्या साधनाच्या परवान्यावर अवलंबून असते. म्हणून परवाना हा जितका तंत्रज्ञांचा विषय आहे, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधीही पोलादपुरातच आहे. समजा, या दोन तालुक्यांतील तुमच्यासारख्या काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वाड्या-वस्त्यांची नावे, शेतीचे व नदीकाठचे शब्द आणि जात्यावरच्या ओव्या यांचा संग्रह करायचे ठरवले. हा संग्रह मोबाइलवर शोधता यावा म्हणून एक लहानसे ॲपही करायचे ठरले. येथे दोन प्रश्न उभे राहतात. या कामासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? आणि आपण तयार केलेले ॲप इतरांना कोणत्या अटींवर द्यावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याची रीत या घटकात पाहावयाची आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ परवाना म्हणजे काय?

आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा त्याची एक प्रत आपली होते. ती आपण मित्राला वाचायला देऊ शकतो, रद्दीत विकू शकतो. मात्र पुस्तक पुन्हा छापू शकत नाही, कारण तो हक्क लेखकाचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा असतो. भारताच्या प्रतिमुद्रा अधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणकाची आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. कादंबरीला जे संरक्षण आहे, तेच आज्ञावलीलाही आहे. ते मिळण्यासाठी नोंदणीची आवश्यकता नसते. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या सॉफ्टवेअरबरोबर कोणताही परवाना दिलेला नाही, ते सर्वांना खुले आहे असे समजणे चुकीचे आहे. परवानगी दिलेली नसेल, तर सर्व हक्क राखून ठेवलेले असतात. परवाना म्हणजे हक्कधारकाने काही हक्क काही अटींवर इतरांना वापरू देणे होय. आपण सॉफ्टवेअरचे पैसे मोजतो तेव्हा बहुतेक वेळा हा परवानाच घेत असतो. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा याच कायद्याच्या कलम ६३-बी प्रमाणे गुन्हा असून त्यासाठी कारावास आणि दंड यांची तरतूद आहे. गावातील लहान टंकलेखन केंद्रालाही हा नियम लागू पडतो.

४.३.२ परवान्यांचे दोन मार्ग

व्यापारी परवान्यात हक्कधारक सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी शुल्क घेऊन देतो. ही परवानगी अमुक इतक्या संगणकांपुरती किंवा अमुक वर्षांपुरती असू शकते. सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, सहसा दिला जात नाही. त्यामुळे ग्राहकाला त्यात बदल करता येत नाही. मात्र त्याला सेवा आणि जबाबदारी यांची हमी मिळू शकते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेखापालाचे उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हिशेबाच्या सर्व रीती बदलल्या. टॅलीसारखे व्यापारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने शुल्क भरलेले असते ते अशाच प्रसंगासाठी : नियम बदलला की सॉफ्टवेअर वेळेवर बदलून मिळावे आणि अडचण आल्यास विचारायला कोणीतरी असावे.

मुक्त स्रोत परवान्यात मूळ आज्ञावली उघड केलेली असते. ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मोकळीक असते. या विचाराची पायाभरणी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाने केली. त्यातून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना पुढे आला. ‘मुक्त स्रोत’ ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली.

मुक्त स्रोत परवान्यांचेही दोन पोटप्रकार आहेत. एमआयटी, अपाची यांसारख्या सैल परवान्यांत मूळ निर्मात्याचे नाव व परवान्याचा मजकूर कायम ठेवला म्हणजे पुरते. ती आज्ञावली घेऊन कोणी बंदिस्त, व्यापारी सॉफ्टवेअर केले तरी चालते. जीपीएलची अट अधिक कडक आहे : सुधारित आवृत्ती इतरांना द्याल, तर ती त्याच मोकळिकीसह, मूळ आज्ञावलीसकट द्या. शेजाऱ्याकडून विरजण आणावे आणि आपल्याकडे कोणी मागायला आले की त्यालाही द्यावे, तसा हा व्यवहार आहे. मात्र लक्षात घ्या, ही अट वितरण करतानाच लागू होते. आपल्याच कार्यालयात वापरण्यासाठी केलेले बदल कोणाला देण्याचे बंधन नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे मोफत नव्हे. व्हॉट्सॲप वापरण्यासाठी आपण पैसे देत नाही, परंतु त्या ॲपची मूळ आज्ञावली आपल्याला मिळत नाही. ते मोफत आहे, मुक्त स्रोत नाही. उलट, जीपीएलखालील सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. किंमत हा एक प्रश्न आहे आणि हक्कांची वाटणी हा दुसरा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
(अ) परवाना न दिलेले सॉफ्टवेअर कोणीही वापरू शकतो.
(आ) जीपीएल सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकता येते.
(इ) स्वतःच्या वापरापुरते केलेले बदलही जीपीएलनुसार जाहीर करावेच लागतात.

४.३.३ मराठी फाँटचा अनुभव

परवान्याचे परिणाम मराठीने सर्वाधिक सोसले ते फाँटच्या बाबतीत. १९८०-९० च्या दशकांत संगणकावर मराठी आणण्याचे कष्टाचे काम पुण्याच्या सी-डॅकने आणि ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ अशा संचांच्या निर्मात्या कंपन्यांनी केले. वृत्तपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सरकारी कागद यांचे मराठी मुद्रण या साधनांमुळे संगणकावर आले, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येक संचाची अक्षरांना अंक देण्याची रीत निराळी होती. एका संचात टंकित केलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला, की ‘महाड’ या शब्दाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. मजकूर लेखकाचा होता. तो वाचण्याची किल्ली मात्र संच ज्याच्याकडे असेल त्याच्याच हाती होती.

या अडचणीत दोन कुलपे होती आणि ती वेगवेगळी ओळखणे आवश्यक आहे. पहिले कुलूप संकेतनाचे. ते उघडण्यासाठी १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ठरावीक अंक आहे. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर वाचता येऊ लागले. दुसरे कुलूप परवान्याचे. युनिकोड फाँटही व्यापारी असू शकतो. तो आपल्या पुस्तकात वापरता येईल का, ॲपमध्ये घालता येईल का, त्यात एखादे जोडाक्षर वाढवता येईल का, हे त्याचा परवाना ठरवतो.

हे दुसरे कुलूप हळूहळू उघडत गेले. ‘आकृती’च्या निर्मात्या कंपनीने नऊ भारतीय लिप्यांचे काही फाँट जीपीएलखाली खुले केले. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फाँट प्रथम जीपीएलखाली आणि २०११ पासून ओपन फाँट लायसन्सखाली दिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँटही याच परवान्याखाली उपलब्ध आहेत. हा परवाना खास फाँटसाठी तयार केलेला आहे. त्यानुसार फाँट विनाशुल्क वापरता येतो, बदलता येतो, पुस्तकात किंवा ॲपमध्ये समाविष्ट करता येतो. फाँट एकटाच, सुटा विकता येत नाही, आणि सुधारित फाँट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. या फाँटमध्ये छापलेले पुस्तक मात्र परवान्याने बांधले जात नाही. त्याचे सर्व हक्क लेखक-प्रकाशकाकडेच राहतात.

आपल्या कल्पित संग्रहाला यातून पहिला धडा मिळतो. कोणतेही साधन घ्या, परंतु मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणि सर्वांना उघडता येईल अशा फाइलमध्ये ठेवा. मग मुद्रणासाठी एखादे व्यापारी सॉफ्टवेअर वापरले तरी मजकूर त्याच्या ताब्यात जात नाही.

४.३.४ कागदावर मुक्त आणि व्यवहारात मुक्त

मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्याबाबत तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. मानवी हक्कांच्या त्या लढ्याची आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याची बरोबरी होऊ शकत नाही. तथापि, ‘कागदावर खुले’ आणि ‘प्रत्यक्षात खुले’ यांत केवढे अंतर असू शकते, हे महाडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही हे अंतर लहान प्रमाणात आढळते. मूळ आज्ञावली उघड आहे, पण ती समजणारा कोणी तालुक्यात नाही. सॉफ्टवेअर विनाशुल्क आहे, पण ते शिकवणारा नाही. मुद्रणालयाला दुसऱ्याच प्रकारची फाइल हवी आहे. अशा वेळी मुक्त परवान्याने दिलेला हक्क वापरता येत नाही. म्हणून प्रशिक्षण, दुरुस्ती आणि मदत यांचा खर्च मुक्त सॉफ्टवेअरच्या हिशेबातही धरला पाहिजे.

व्यापारी परवान्याची दुसरी बाजूही पाहावी. परवाना एकाच यंत्राशी जोडलेला असेल आणि ते यंत्रच गेले, तर काय? महाड शहराने जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा महापूर अनुभवला. त्याच दिवसांत दोन्ही तालुक्यांत दरडी कोसळल्या. अशा प्रदेशात यंत्र भिजणे, वीज आणि इंटरनेट खंडित होणे ही शक्यता गृहीत धरूनच साधन निवडावे लागते. इंटरनेटवरून वारंवार पडताळणी मागणारा परवाना अशा दिवसांत काम थांबवू शकतो. परवाना घेण्यापूर्वी ‘नव्या यंत्रावर तो पुन्हा चालू करता येईल का?’ हे लेखी विचारून घ्यावे.

शासनाने या संदर्भात स्वीकारलेली दिशा लक्षणीय आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार सरकारी प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्याचा पर्याय म्हणून विचारात घ्यावयाचे आहे, आणि ते वगळल्यास पुरवठादाराने कारणे द्यावयाची आहेत. हे धोरण व्यापारी सॉफ्टवेअरला मनाई करत नाही. निवड सकारण असावी, असा त्याचा आग्रह आहे.

४.३.५ निर्माता म्हणून निवड

आतापर्यंत आपण सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या बाजूने विचार केला. आता देणाऱ्याच्या बाजूने करू. मुक्त परवाना दिला तर उपजीविका कशी होणार, हा रास्त प्रश्न आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, तर ज्या पायावर ते उभे आहे तो ‘फ्रॅपे’ हा आराखडा एमआयटी परवान्याखाली आहे. कंपनीचे उत्पन्न ते सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याच्या आणि साहाय्याच्या सेवेतून येते. काही कंपन्या दुहेरी परवाना देतात. ‘मायएसक्यूएल’ जीपीएलखाली मिळते. ज्याला जीपीएलची अट नको असेल, त्याला तेच सॉफ्टवेअर शुल्क भरून व्यापारी परवान्यावर घेता येते.

लहान संस्थेसाठी न्यूझीलंडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयाला १९९९ मध्ये नवी प्रणाली हवी होती. त्यांनी ती एका कंपनीकडून करवून घेतली आणि जीपीएलखाली खुली केली. ‘कोहा’ या नावाने ती २००० पासून वापरात आहे. प्रणाली सांभाळण्याचा भार एकट्या लहान ग्रंथालयावर राहिला नाही. जगभरची ग्रंथालये ती सुधारत राहिली. आज भारतातील ग्रंथालयांतही ती वापरली जाते. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे परतफेडीची जाण ठेवून दिलेली भेट.

मुक्त परवान्याचा आणखी एक लाभ संकटकाळी दिसतो. ‘ओपनऑफिस’ सांभाळणारी सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. पुढे काय होणार, याची चिंता वाटून त्याच वर्षी त्यातील अनेक कार्यकर्त्यांनी तीच आज्ञावली घेऊन ‘लिब्रेऑफिस’ सुरू केले. मालक बदलला तरी काम थांबले नाही, कारण तसे करण्याची परवानगी परवान्यातच होती.

आता आपल्या संग्रहाकडे वळू. येथे एकच परवाना पुरणार नाही, कारण त्यात वेगवेगळ्या वस्तू आहेत.

(१) ॲपची आज्ञावली : दुसऱ्या तालुक्याने ती घेऊन सुधारावी आणि सुधारणा सर्वांना मिळाव्यात, असे वाटत असेल तर जीपीएल योग्य. कोणीही, कसेही वापरावे, एवढीच इच्छा असेल तर एमआयटी.

(२) संग्रहातील मजकूर : आज्ञावलीचे परवाने मजकुरासाठी सोयीचे नसतात, त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने आहेत. १ मे २००३ पासून सुरू असलेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर ‘श्रेयनिर्देश व समान वाटप’ या अटींवर मिळतो. तुम्ही ‘व्यापारी वापर नको’ अशी अट घातली, तर तो मजकूर विकिपीडियात जाऊ शकणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

(३) ओव्या आणि आवाज : ओवी सांगणाऱ्या बाईंची संमती कोणत्याही सॉफ्टवेअर परवान्याने मिळत नाही. तुमचा आवाज जगभर ऐकला जाईल, कोणी तो व्यापारासाठीही वापरू शकेल, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगून संमती घ्यावी. त्यांनी नकार दिला तर ध्वनिमुद्रण खुले करू नये. जे आपले नाही त्याचा परवाना देण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

दोन कायदेशीर बाबी येथे नोंदवल्या पाहिजेत. एखाद्या बाहेरच्या व्यावसायिकाकडून ॲप करून घेतले, त्याचे पैसे दिले, म्हणजे हक्क आपोआप आपले होत नाहीत. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत व प्रदेश नमूद नसेल तर कायदा ते पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते मानतो. दुसरी बाब अशी की, मुक्त परवान्याखाली दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. पुढील आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली आणता येते, पण त्यासाठी ज्यांनी ज्यांनी भर घातली त्या सर्वांची अनुमती लागते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच परवाना ठरवून सर्व सहभागींच्या सह्या घ्याव्यात.

४.३.६ निवडीचे पाच प्रश्न

कोणतीही निवड करताना पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.
१. दहा वर्षांनी हे काम कोणाला वापरता आले पाहिजे?
२. सॉफ्टवेअर बंद पडले तर माझा मजकूर मला बाहेर काढता येईल का?
३. अडचण आल्यास मदत कोठून आणि किती वेळात मिळेल?
४. सुधारणा परत मिळाव्यात अशी माझी अपेक्षा आहे का?
५. ज्यांच्या शब्दांवर हे उभे आहे, त्यांची संमती आहे का?

हे प्रश्न लावून पाहिले, तर एकाच गावात दोन वेगळी उत्तरे बरोबर ठरतात. कारखान्याच्या हिशेबासाठी तत्पर सेवा महत्त्वाची. तेथे व्यापारी परवान्याचे शुल्क योग्य ठरते. बोलीच्या संग्रहासाठी दीर्घायुष्य आणि प्रसार महत्त्वाचे. तेथे मुक्त परवाना योग्य. निवड सॉफ्टवेअरच्या किमतीवरून न करता कामाच्या आयुष्यावरून करावी, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.४ सारांश

आज्ञावली ही कायद्याने साहित्यकृती असल्यामुळे ती वापरण्यास परवाना लागतो. व्यापारी परवान्यात शुल्क देऊन मर्यादित वापर आणि सेवा मिळते. मुक्त स्रोत परवान्यात वापर, अभ्यास, बदल व वाटप यांची मोकळीक मिळते. मुक्त आणि मोफत या भिन्न गोष्टी आहेत. मजकूर टिकण्यासाठी संकेतन आणि परवाना ही दोन्ही कुलपे उघडी असावी लागतात, हे मराठी फाँटच्या इतिहासावरून दिसते. स्वतः निर्मिती करताना आज्ञावली, मजकूर आणि ध्वनिमुद्रण यांचा स्वतंत्र विचार करावा, आणि परवाना कामाच्या आरंभीच ठरवावा.

४.५ पारिभाषिक शब्द

परवाना : हक्कधारकाने ठरावीक अटींवर दिलेली वापराची परवानगी.
मूळ आज्ञावली : प्रोग्रामरने लिहिलेले, माणसाला वाचता येणारे सॉफ्टवेअरचे रूप, सोर्स कोड.
संकेतन : प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक नेमून देण्याची पद्धती.
दुहेरी परवाना : एकच सॉफ्टवेअर मुक्त आणि व्यापारी अशा दोन्ही अटींवर देणे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक

४.७ स्वाध्याय

१. ‘मुक्त म्हणजे मोफत नव्हे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. संकेतन आणि परवाना यांतील फरक मराठी फाँटच्या संदर्भात विशद करा.
३. जीपीएल आणि एमआयटी परवान्यांची तुलना करून, बोलीसंग्रहाच्या ॲपसाठी तुम्ही कोणता निवडाल ते सकारण लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील ग्रंथालय, मुद्रणालय किंवा ग्रामपंचायत यांपैकी एका ठिकाणी भेट द्या. तेथे मराठी लेखनासाठी कोणते सॉफ्टवेअर व फाँट वापरतात, त्यांचा परवाना कोणता आहे आणि दहा वर्षांपूर्वीची एखादी मराठी फाइल आज तेथे वाचता येते का, याची विचारणा करून दोन पृष्ठांचा अहवाल तयार करा.